डोळे मिटणारी गाडी आणि एक रबरी टोपण

दिवसा बघाल तर या गाडीला पुढे दिवेच नसतात. बॉनेट गुळगुळीत आणि पुढे इतकं उतरत गेलेलं की आता जमिनीला टेकतंय की काय असं वाटावं. संध्याकाळ झाली, ड्रायव्हरने बटन दाबलं, की ‘घुर्रर्र’ असा आवाज येतो आणि बॉनेटमधून दोन झाकणं वर उचलली जातात. त्यांच्या पोटात दिवे. चिखलातल्या बेडकाने डोळे वर काढावेत तसे! यालाच म्हणायचं पॉप-अप हेडलाइट. ‘इनिशियल डी’ ही जपानी मालिका ज्यांनी हॉस्टेलवर रात्र रात्र जागून पाहिली आहे, त्यांना त्यातली ती पांढरी-काळी टोयोटा लगेच आठवेल. बाकीच्यांनी एखाद्या रेसिंगच्या गेममध्ये तरी अशी गाडी चालवली असेलच.

आज नव्या गाडीत हा प्रकार मिळत नाही. पाचव्या पिढीची शेवरोले कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्री या शेवटच्या दोन नियमित उत्पादनातल्या गाड्या, आणि दोन्ही २००४ साली बंद झाल्या. म्हणजे या दिव्यांनी डोळे मिटले त्याला वीस वर्षं होऊन गेली.

मग आत्ता हा विषय का? तर मी राहतो न्यू जर्सीत आणि माझ्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, दोन सीटची, पॉप-अप दिव्यांची एक गाडी आहे. (मेक आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही. तीस वर्षांनी ग्रीस वाळतं, त्यात कंपनीची काय चूक?) तिच्या दिव्याची मोटर उघडून बसलो तेव्हा एका साध्याशा नॉबपाशी अडलो. हा नॉब इथे का? कोणाला सुचला? त्याचं उत्तर शोधता शोधता तीन वीकांत गेले, आणि ते उत्तर एका कायद्यात सापडलं.

लोक या दिव्यांकडे स्टाइल म्हणून बघतात. स्टाइल आहेच, नाही कोण म्हणतंय. पण मला ही दोन नियमांची गोष्ट वाटते. एका नियमामुळे हे दिवे लपले. दुसऱ्या नियमाने विचारलं की लपलात ते ठीक आहे, पण रात्री बिघडलात तर काय? पहिल्या नियमाची गोष्ट गाडीवेडे लोक नेहमी सांगतात. दुसऱ्याची फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात होते नोव्हेंबर १९३५ मध्ये, न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात. तिथे कॉर्ड ८१० ही गाडी लोकांसमोर आली. डिझाइनर गॉर्डन ब्यूरिग. त्या काळी दिवे म्हणजे मडगार्डवर बसवलेले दोन मोठे कंदील असायचे. ब्यूरिगने ते मडगार्डच्या आत घातले. दिव्यांची कल्पना आली विमानाच्या लँडिंग लाइटवरून. कंपनीचे मालक एरेट लॉबन कॉर्ड यांच्या उद्योगसमूहात स्टिन्सन ही विमान कंपनीही होती, त्यामुळे मालही घरचाच होता.

पण हे दिवे बाहेर काढायचे कसे? हाताने! डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन छोटी हँडलं होती. अंधार पडला की ड्रायव्हरने आपल्या बाजूचं हँडल फिरवायचं, आणि दुसऱ्या दिव्यासाठी पार पलीकडे वाकायचं नाहीतर शेजारी बसलेल्याला सांगायचं, “जरा तुझा दिवा काढ.” शेजारी कोणी नसेल आणि गाडी चालू असेल तर काय करत असतील कोण जाणे! पुढे ८१२ हे मॉडेल आलं आणि १९३७ मध्ये सगळंच बंद झालं. दोन्ही मिळून सुमारे ३,००० गाड्या बनल्या. हा दांडा मात्र लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता पहिला नियम. १९४० साली अमेरिकेत ठरलं की सगळ्या गाड्यांना एकाच प्रकारचा दिवा असेल: ७ इंच व्यासाचा, गोल, ‘सील्ड बीम’. म्हणजे काच, आरसा आणि तार हे सगळं एकाच बंद गोळ्यात. आज ऐकायला सरकारी खाक्या वाटतो, पण त्यामागचा विचार चांगला होता. आधीच्या दिव्यांत पाणी आणि धूळ शिरून आतला आरसा काळा पडायचा, आणि नवी गाडीसुद्धा चार-दोन वर्षांत आंधळी व्हायची. बंद गोळ्यात आरसा खराबच होत नाही. आणि दिवा गेलाच तर देशातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर तोच दिवा मिळणार. गाडी कुठली, मॉडेल कुठलं, विचारायलाच नको. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत एक स्टँडर्ड इंटरफेस. तुमच्या ओळखीच्यांपैकी कोणाकडे जुनी थार किंवा बुलेट असेल तर बघा, तिलाही ७ इंची गोल दिवाच बसतो. इतकं ते माप पक्कं रुजलं.

गंमत अशी की चांगलं स्टँडर्डसुद्धा वेळेवर बदललं नाही की गळ्यात अडकतं. १९५७-५८ च्या सुमारास चार छोट्या दिव्यांची परवानगी मिळाली, पण तेही गोलच आणि मापही ठरलेलंच. आयताकृती दिवा यायला सत्तरचं दशक अर्धं उलटावं लागलं. त्यात दिवा जमिनीपासून किमान किती उंच हवा याचीही अट होती. (आजच्या अमेरिकन नियमात ती २२ इंच आहे.) तिकडे स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांना बॉनेट खाली हवं होतं, कारण हवा कापत जायची तर नाक खालीच पाहिजे. आता तुम्हीच सांगा, नाक गुडघ्याएवढं, दिवा त्याच्यापेक्षा वर हवा, आणि तो ताटलीएवढा गोलच हवा. करायचं काय?

युरोपातल्या काही कंपन्यांनी दिवा तिरक्या काचेखाली बसवला. जग्वार ई-टाइप आठवा. पण साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केंद्र सरकारचे सुरक्षा नियम आले. त्यातला १०८ क्रमांकाचा नियम दिव्यांचा. त्याने दिव्यापुढची ही काचही काढायला लावली, आणि अमेरिकेत जाणाऱ्या ई-टाइपचे दिवे उघडे पडले. फेरारीची डेटोना सुरुवातीला पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीमागे दिवे घेऊन आली होती. तिनेही १९७१ पासून पॉप-अप दिवे लावले.

म्हणजे पॉप-अप दिवा हा शुद्ध वर्कअराउंड होता. नियम म्हणतो ‘दिवा लागलेला असताना’ तो अमुक उंचीवर, अमुक मापाचा हवा. दिवा लागलेला नसताना तो कुठे असावा याबद्दल नियम गप्प. मग दिवसा आत, रात्री वर! रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधली अशी फट आपल्यातल्या कोणी कधीच वापरली नाही असं छातीवर हात ठेवून सांगा.

हाताने उचलायचे दिवस आता संपले होते. (अगदी पूर्ण नाही. १९६८ ची ओपेल जीटी आतल्या दांड्यानेच दिवे फिरवायची, आणि दोन्ही दिवे एकाच दिशेला कोलांटी मारायचे.) दिवा उचलायला ताकद हवी, ती आणायची कुठून? दोन उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर १९६२ च्या लोटस एलानचं. डिझाइनर रॉन हिकमन. सुतारकामाचं घडीचं टेबल, ते प्रसिद्ध ‘वर्कमेट’, त्याचाही जनक हाच माणूस. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा त्याच्या नळीत निर्वात तयार होतो, त्या ओढीवरच दिवे उचलायचे. वेगळी मोटर नको, वजन नको. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ही ओढ कमी होते, म्हणून निर्वात साठवायला टाकी लागते. लोटसने वेगळी टाकी लावलीच नाही. चॅसीचा पुढचा आडवा भाग पोकळ होता, तोच हवाबंद करून टाकी म्हणून वापरला. अशी हुशारी बघितली की हात जोडावेसे वाटतात.

दुसरं उत्तर १९६३ च्या कॉर्व्हेटचं: इलेक्ट्रिक मोटर. दिवे बॅटरीच्या जोरावर गिरकी घेऊन बाहेर यायचे. पुढे १९६८ च्या कॉर्व्हेटने मोटर सोडून एलानसारखा निर्वात धरला, आणि १९८४ च्या मॉडेलपासून पुन्हा मोटर. एकाच गाडीने दोन वेळा मत बदललं, यावरूनच कळतं की प्रश्न सोपा नव्हता.

निर्वातातली अडचण काय? रबरी नळ्या. रबर जुनं झालं की भेगा पडतात आणि हवा आत शिरते. एलानच्या सुरुवातीच्या रचनेत दिवे निर्वाताच्या जोरावर वर राहायचे. म्हणजे गळती झाली की दिवे हळूहळू खाली. रात्री. रस्त्यावर. चालत्या गाडीत. चित्र डोळ्यासमोर आणा. वळणाचा रस्ता आहे आणि तुमच्या गाडीला झोप येतेय!

इथे येतो दुसरा नियम. अमेरिकेने १९६९ पासून ११२ क्रमांकाचा नियम लागू केला, फक्त लपणाऱ्या दिव्यांसाठी. इतका नेमका आणि छोटा नियम मी क्वचितच वाचला असेल. त्याचं सार माझ्या शब्दांत सांगतो.

एक, दिवा वर येऊन लागलेला असेल तर वीज गेली, निर्वात गेला, वायर तुटली, काहीही झालं तरी तो वरच राहिला पाहिजे.

दोन, यंत्रणा बिघडली आणि दिवा बंद स्थितीत अडकला तर तो कुठल्याही हत्याराशिवाय पूर्ण उघडता आला पाहिजे.

तीन, यंत्रणा धड असताना एकाच बटनाने दिवा उघडून लागला पाहिजे, आणि बटन दाबल्यापासून ३ सेकंदांच्या आत तो पूर्ण उघडला पाहिजे. बाहेर उणे २९ अंश सेल्सिअस असो नाहीतर ४९.

बाकी किरकोळ कलमं आहेत, पण जीव या तीनमध्ये आहे. यात मोटर वापरा की निर्वात, दोरी बांधा की स्प्रिंग लावा, याबद्दल एक अक्षर नाही. कसं करायचं ते तुम्ही बघा, बिघडल्यावर काय झालं पाहिजे ते आम्ही सांगतो. आणि त्याचा परिणाम दिसला. अमेरिकेसाठीच्या नंतरच्या एलानमध्ये रचना चक्क उलटी केली गेली. दिवे वर ढकलायला स्प्रिंग, आणि खाली धरून ठेवायला निर्वात. नळी गळली की दिवे आपोआप वर. भाग जवळपास तेच, फक्त बिघाडाची दिशा बदलली. आता जुन्या एलानवाल्याची तक्रार असते की रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी डोळे उघडून बसलेली असते. हरकत नाही! बिघडून डोळे उघडणारी गाडी कधीही परवडली.

हळूहळू मोटरच जिंकली. जपानी कंपन्यांनी ती स्वस्त आणि भरवशाची केली. आता माझ्या गॅरेजमध्ये चला, कारण मोटर उघडल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

झालं होतं असं की ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी हायवेवर दिवे लावले तर डावा दिवा आला वर, उजवा नाही. आतून नुसता ‘ट्टक’ आवाज. बाजूला थांबलो, बॉनेट उघडलं. मोटरच्या टोकावर एक काळं रबरी टोपण असतं. ते काढलं की खाली छोटा प्लास्टिकचा नॉब. दिव्यांचा मोटरचा फ्यूज काढला (हे आधी, कारण मध्येच मोटर जागी झाली तर बोटं सापडतात) आणि नॉब फिरवायला लागलो. एक फेरा, दहा फेरे, वीस फेरे... दिवा अगदी मुंगीच्या पावलांनी वर येतो. मिनिटाभरात पूर्ण वर. दिवा लागतच होता, कारण बल्बची वायर वेगळी. शांतपणे घरी आलो. हत्यार एकही लागलं नाही.

पुण्याच्या मित्राला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, विकून टाक की ती. दिवा लावायला बॉनेट उघडायचं म्हणजे काय?” मी म्हटलं, “बाबा रे, बॉनेट उघडून दिवा लागतो हेच तर भारी आहे.”

शनिवारी मोटर काढली. बाहेरून मुठीएवढी, पण आत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही बघण्यासारख्या.

पहिली, गिअर. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकात अडकतात. याला वर्म गिअर म्हणतात. याचा गुण असा की आटे चाकाला फिरवू शकतात, पण चाक आट्यांना फिरवू शकत नाही. कार जॅकसारखंच. हँडल फिरवून तुम्ही गाडी उचलता, पण गाडीच्या वजनाने हँडल उलटं फिरत नाही. म्हणजे वीज गेली तरी दिवा खाली पडणार नाही. नियमाचं पहिलं कलम इथेच मिटलं, ब्रेक नको, स्प्रिंग नको.

दुसरी, क्रँक. चाकाला एक छोटा हात जोडलेला आणि त्याला दिव्यापर्यंत जाणारी दांडी. चाक अर्धा फेरा फिरलं की दिवा वर, पुढचा अर्धा फेरा झाला की खाली. मोटर नेहमी एकाच दिशेला फिरते, तिला उलटं फिरायची गरजच नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यात आवडलेली, ती तांब्याची चकती. चाकाबरोबर फिरणारी, काही ठिकाणी कापलेली. तिच्यावर छोट्या पट्ट्या घासत असतात. अर्धा फेरा पूर्ण झाला की पट्टी कापलेल्या जागी येते, सर्किट तुटतं, मोटर थांबते. म्हणजे या मोटरला ‘वर’ आणि ‘खाली’ असं काही माहीतच नाही. तिला एवढंच कळतं की अर्धा फेरा झाला. दोन स्टेटचं स्टेट मशीन, एक ओळ कोड न लिहिता! म्हणूनच ही चकती झिजली किंवा काळी पडली की काही गाड्यांचे दिवे वर-खाली, वर-खाली करत राहतात. थांबायची अट कधी खरीच होत नाही. इन्फिनिट लूप. लोकांना वाटतं गाडी डोळा मारतेय.

माझ्या मोटरचं दुखणं साधं होतं. कारखान्यात भरलेलं ग्रीस तीस वर्षांत वाळून मेणासारखं झालं होतं, गुळाच्या ढेपेसारखं खरवडून काढावं लागलं. चकतीवर काळा थर. गिअरचे दात मात्र शाबूत, हे नशीब. दात गेले असते तर मोटर घुरघुरली असती पण दिवा हलला नसता, आणि भंगारवाल्याकडे दुसरी मोटर शोधत फिरावं लागलं असतं. नव्या मोटरी आता सहज मिळत नाहीत.

ज्यांना कधी करायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आधी बॅटरीची वायर काढा. क्रँकचा नट सोडण्यापूर्वी दांड्यावर आणि क्रँकवर मार्करने एक सरळ रेघ मारा, परत बसवताना तीच रेघ जुळवायची. नाहीतर दिवा अर्धवट मिटलेला राहील. गिअर डीग्रीझरने धुऊन पूर्ण वाळू द्या, मग प्लास्टिकला चालणारं ग्रीस बेताने लावा. तांब्याच्या चकतीला अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, आणि चकतीवर गिअरचं ग्रीस येऊ देऊ नका. दांडीच्या सांध्यांत दोन थेंब वंगण. बसवण्याआधी नॉब हाताने फिरवून बघा. जिथे अडतो तिथे अजून घाण आहे.

सगळं बसवून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. ३ सेकंदांची परीक्षा! दुरुस्त केलेला दिवा सेकंदभरात वर. न उघडलेला डावा दिवा चांगलाच रेंगाळला, पण तोही पास. पुढचा शनिवार अर्थातच त्याचा.

हे सगळं करताना त्या नॉबकडे परत परत लक्ष जात होतं. हा नॉब म्हणजे कॉर्डच्या डॅशबोर्डवरचं तेच हँडल! निर्वात आला, मोटर आली, रिले आले, आणि ते हँडल कुठे गेलं नाही. फक्त डॅशबोर्डवरून बॉनेटखाली गेलं आणि रबरी टोपण घालून बसलं, कारण एका नियमाचं दुसरं कलम म्हणालं, ‘हत्याराशिवाय उघडलं पाहिजे’. ज्याने तो नॉब बसवला त्याने माझ्यासारख्या कोणाची तरी संध्याकाळ तीस वर्षं आधी विचारात घेतली होती.

मग हे दिवे गेले का? साधं कारण, ज्या नियमासाठी वर्कअराउंड केला तो नियमच सुटला. फोर्डच्या अर्जावरून १९८३ मध्ये अमेरिकेने हव्या त्या आकाराच्या काचेच्या, आत बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली. १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन ही तसा दिवा लावणारी तिथली पहिली गाडी. आता दिवा बॉनेटच्या आकारात मिसळू शकत होता, लपायची गरज उरली नव्हती.

पण वर्कअराउंड इतक्या सहज मरत नाही हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कारण संपल्यानंतरच त्याची फॅशन जोरात आली. १९८५ ची होंडा अकॉर्ड, चांगली चार दारांची कुटुंबवत्सल गाडी, तीही डोळे मिटायला लागली! माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा, लोकांसमोर आली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात. नियम सुटून जवळपास सहा वर्षं झाली होती, तरी पॉप-अप. जुन्या एलानच्या प्रेमापोटी बनवलेली गाडी ती, दिवे तसेच हवेत! पण मोटरी, दांड्या, रिले यांचं वजन आणि खर्च होताच. दिवे वर आले की हवेला अडथळा. पादचाऱ्याला धडक बसली तर गाडीच्या पुढच्या भागाने कमीत कमी इजा करावी, असे नियम युरोपात २००३ च्या निर्देशानंतर टप्प्याटप्प्याने आले, आणि तिथे वर आलेलं टणक झाकण अडचणीचंच. मियाटाने पुढच्या पिढीत, १९९८ च्या मॉडेलला, डोळे कायमचे उघडले. २००४ मध्ये बाकीच्यांचाही निकाल लागला.

“बंदी आली” असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेत तरी तशी बंदी कधी आली नाही. उलट ११२ क्रमांकाचा तो नियम पुढे १०८ मध्येच सामावून घेतला आणि तो आजही तिथे आहे, तीन सेकंदांसकट. कोणतीही नवी गाडी तो वापरत नाही. कोडबेसमध्ये कोणी कॉल करत नाही, पण डिलीट करायचं धाडसही कोणी करत नाही असं एक फंक्शन.

मला वाटतं, डिलीट करूही नये. कारण प्रश्न दिव्यांचा नव्हताच. आपल्याकडच्या ॲम्बॅसडरला बॅटरी बसली की पुढून हँडल मारता यायचं. बटन-स्टार्टच्या कित्येक स्कूटरना किक असायची, आणि पावसाळ्यात तिची किंमत कळायची. या सगळ्यांत बनवणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली होती: हे कधीतरी बंद पडणार, आणि तेव्हा मी तिथे नसणार. आज काही इलेक्ट्रिक गाड्यांत दाराचं हँडलच पॉप-अप दिव्यासारखं आत-बाहेर सरकतं, दार विजेवर उघडतं. वीज गेली तर? काही गाड्यांत हाताने दार उघडायची तार असते, पण मागच्या सीटवर ती दाराच्या खणातल्या मॅटखाली लपलेली. गाडीत धूर भरलेला असताना मॅट उचलायची कोणाला आठवण होणार? दिवा वर आला नाही तर गाडी थांबवता येते. दार उघडलं नाही तर काय करायचं?

आपण सगळे दिवसभर हापिसात जे बनवतो त्यातलं बरंचसं असंच आहे. बटन दाबलं की एका सेकंदात वर येतं, डेमोला टाळ्या पडतात. पुढच्या डिझाइन रिव्ह्यूला एकदा ते १९६९ चे तीन प्रश्न विचारून बघा. वीज गेली तर हे कुठल्या बाजूला पडेल? अडकलं तर हत्याराशिवाय उघडेल का? आणि किती सेकंदांत? खोलीत शांतता पसरली तर समजा, प्रश्न योग्य ठिकाणी लागला.

असो. लेख लांबला. डाव्या मोटरचं ग्रीस वाट बघतंय.